'यंग अडल्ट' म्हणजे 'फक्त प्रौढांसाठी' नाही

सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज परत परत फिरतो, की पुस्तकावर 'यंग अडल्ट रोमान्स' लिहिलंय म्हणजे आत मोठ्यांचा मजकूर, मुलांच्या हातात देऊ नका. काळजी समजते, 'अडल्ट' वाचून कोणालाही तसंच वाटेल. पण पिक्चरचं 'ए' सर्टिफिकेट वेगळं, हा पुस्तकांचा वयोगट आहे, साधारण 12 ते 18, म्हणजे मुळात टीनएजर्ससाठीच लिहिलेलं. पहिलं प्रेम, ब्रेकअप, मैत्रीत पडलेली फूट, घरचं टेन्शन, असं सगळं.

काहींत शारीरिक जवळीक येते हेही खरं, म्हणून बघून घ्यायचं. मागचं कव्हर बघा, काही पुस्तकांवर '12+' किंवा '14+' छापलेलं असतं. 'न्यू अडल्ट' लिहिलं असेल तर तो वेगळा गट, अठराच्या पुढचा, त्यात उघड वर्णनं जास्त असतात. आणि नुसत्या कव्हरवर जाऊ नका हं, फोर्टच्या फुटपाथवर मी दोन पुस्तकं शेजारी धरून बघितली, दोन्हीवर तेच गोड कार्टून जोडपं, एकातली नायिका शाळेतली आणि दुसऱ्यातली तिशीची, ऑफिसवाली. मधली चार पानं उभ्या उभ्या चाळली तेव्हा फरक कळला.