पालीच्या पायाला गोंद नसतो

पालीच्या पायाला काहीतरी चिकट असतं, नाहीतर बोटांनी हवा शोषून ती भिंत धरते, असं बहुतेकांना वाटतं. दोन्ही चूक. बोटांतून गोंद येत नाही, आणि निर्वात पात्रातही पकड सुटत नाही.

कोणतेही दोन रेणू अगदी जवळ आले की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन क्षणभर इकडेतिकडे सरकतात आणि दोघांत बारीकसं आकर्षण तयार होतं. हेच व्हॅन डर वाल्स बल. ते तुमचा तळहात आणि भिंत यांच्यातही असतं. अडचण अंतराची. दोन सपाट पृष्ठभागांमधलं अंतर दुप्पट झालं की हे बल आठव्या हिश्श्यावर येतं. त्यात गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही मुळात उंचसखल, त्यामुळे ते मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात.

पालीने यावर उपाय काढला तो केसांचा. ईशान्य भारतातल्या टोके पालीच्या एकेका पायावर सुमारे ५ लाख सूक्ष्म रोम असतात. प्रत्येक रोमाला टोकाशी शेकडो फाटे, आणि फाट्याचं चपटं टोक जेमतेम २०० नॅनोमीटर रुंद. ही टोकं भिंतीच्या खाचाखोचांत जाऊन टेकतात. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० साली एकाच रोमाची पकड मोजली, ती भरली सुमारे २०० मायक्रोन्यूटन, म्हणजे साधारण २० मिलिग्रॅम वजन पेलण्याइतकी. हवेतल्या ओलाव्यामुळे पाल चिकटते असाही एक पक्ष होता. २००२ मध्ये पाणी धरणारा आणि पाणी झटकणारा असे दोन पृष्ठभाग घेतले, तर पकड दोन्हींवर सारखीच! म्हणजे ओलावा हे कारण नव्हे.

मला खरी गंमत वाटते ती सुटण्याची. रोमाचा पृष्ठभागाशी कोन सुमारे ३० अंशांच्या वर गेला की तो आपोआप सुटतो. खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल चालत असेल तेव्हा आतून निरखून पाहा: पाऊल उचलण्याआधी ती बोटांची टोकं उलटी वर वळवते, सेलोटेप सोलावी तशी.

पंचांगात पल्लीपतनाची फळं छापतात. डोक्यावर पडली तर हे, खांद्यावर पडली तर ते. पडलेल्या पालीची पकड सुटली होती, यापलीकडे त्यात काही नाही. टोके पालीची तस्करी मात्र एड्स, कर्करोग बरा होतो अशा थापांवर चालते, हे जास्त वाईट. माणूसही आता पालीसारखा भिंतीवर चढणार, अशा अतिरंजित बातम्यांचंही तेच. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बनवलेल्या कृत्रिम रोमांच्या पट्ट्या हातात धरून ७० किलोचा माणूस उभ्या काचेवर चढला, हे खरं. पण ती काच होती, आपली चुन्याचे पोपडे सुटलेली भिंत नव्हे.

आपल्याला रोम नाहीत, म्हणून वस्तू चिकटवायला आपण द्रव वापरतो. पंक्चरवाला ट्यूब पॉलिश पेपरने घासतो, कारण धूळ आणि तेलाचा पातळ थरही रेणूंना लांब ठेवायला पुरतो. मग सोल्युशन लावतो; ते पातळ असल्यामुळे खाचांत शिरतं. आणि ते वाळेपर्यंत पॅच लावत नाही, कितीही घाई करा.