‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ आणि गळून पडलेलं ‘म्हणोन’

इतिहासाच्या प्रोजेक्टमध्ये साधनातलं, म्हणजे जुनं पत्र, बखर अशा मूळ कागदातलं, काय जसंच्या तसं उतरवायचं आणि काय आपल्या भाषेत सांगायचं, यावर हल्ली नववी-दहावीची मुलं अडतात. मराठीत हा प्रश्न जुनाच आहे. पेशवाईतलं एखादं लांबलचक पत्र घ्या. उत्तर लिहिणारा आधी समोरच्याने काय कळवलं होतं ते थोडक्यात मांडतो, मग ‘म्हणोन लिहिले, ते कळले’ (असं तुम्ही लिहिलंत, ते समजलं) असं लिहितो आणि ‘ऐशास’ (तर) म्हणून स्वतःचं सुरू करतो. मोडीत अवतरणचिन्ह नाही, पूर्णविराम नाही, शब्दसुद्धा सुटे नाहीत, सगळी ओळ सलग चाललेली असते, तरी दुसऱ्याचं कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं हे त्या एका ‘म्हणोन’वरून बरोबर कळतं. बखरींचं वेगळं, तिथे माणसांच्या तोंडी भाषणंच्या भाषणं येतात आणि ती कोणी ऐकली हे विचारायची सोय नसते.

विरामचिन्हं आपल्याकडे छापखान्याबरोबर, १९व्या शतकात इंग्रजीवरून आली. साधनांच्या बाबतीत मोठा बदल १८९८ चा. त्या साली पानिपतच्या आधीच्या दशकातली मूळ पत्रं छापून आली आणि पुढे अशा खंडांची रांगच लागली, १९१० ला पुण्यात त्यासाठी संस्था उभी राहिली. या खंडांत प्रत्येक कागदाला लेखांक, म्हणजे त्याचा स्वतःचा क्रमांक, असतो. ही गोष्ट दिसायला बारीक, पण आधी ‘अमुक बखरीत आहे’ म्हटलं की भागायचं, आता ‘कुठला खंड, कुठला लेखांक’ हे सांगणं भाग पडलं आणि वाचणाऱ्याला उठून ते पान उघडून बघता यायला लागलं.

शाळेत मात्र यातलं जवळपास काहीच पोचलं नाही. शाळेत पोचली ती एक सूचना, ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’, आणि माझ्या मते सगळा गोंधळ तिथेच आहे. उतारा किंवा अवतरण म्हणजे काय हे मुलाला कळतं. पॅराफ्रेजला, म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं अर्थ न बदलता आपल्या भाषेत सांगण्याला, मात्र आपल्याकडे रुळलेला एक शब्दच नाही. सारांश म्हणावं तर मराठीच्या पेपरात सारांश म्हणजे एक तृतीयांश करणं, तिथे लांबी कमी करायची असते. भावार्थ म्हटलं की अभंग आणि कविता आठवतात. भाषांतर तर दुसऱ्या भाषेतून. त्यात व्याकरणाच्या पुस्तकात दुहेरी अवतरणचिन्ह बोलणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांना आणि एकेरी चिन्ह एखाद्या शब्दावर जोर द्यायला किंवा दुसऱ्याचं मत अप्रत्यक्षपणे सांगायला, असं शिकवलेलं असतं. मग मुलं आपल्या भाषेत सांगितलेल्या मतालाही चिन्ह लावतात आणि जशाच्या तशा उचललेल्या वाक्याला लावत नाहीत.

एका वहीत बघितलेलं सांगतो. पुस्तकात ‘१८१८ साली मराठी सत्तेचा अस्त झाला’ या अर्थाचं वाक्य होतं. मुलीने लिहिलं, ‘१८१८ ला मराठ्यांच्या राज्याचा शेवट झाला.’ सत्तेच्या जागी राज्य, अस्ताच्या जागी शेवट, वाक्याचा सांगाडा तोच. तिला वाटलं झालं आपल्या शब्दांत, आणि तिला दोष तरी कसा द्यायचा, वर्षानुवर्षं गाईडमधलं उत्तर शब्दशः लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी मार्क देणारे आपणच. त्याच वहीत पुढे याहून गंभीर चूक होती. एका पत्रात लिहिणाऱ्याने शत्रूची फौज पन्नास हजार असल्याची खबर ऐकून कळवली होती. वहीत आलं, ‘शत्रूची फौज पन्नास हजार होती.’ शब्द बदलले, पण कोणी कळवलं आणि तेही ऐकीव होतं, हे दोन्ही गेलं, म्हणजे ‘म्हणोन’ गळालं. इतिहासात शब्द उचलण्यापेक्षा हे जास्त घातक आहे, कारण खबरेची घटना होऊन बसते आणि पुढचा वाचणारा ती खरी धरून चालतो.

नंतरच्या काळात लक्ष भलतीकडेच वळलं. २०१८ मध्ये विद्यापीठांसाठी वाङ्मयचौर्याचे केंद्रीय नियम आले. दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांवर शिक्षा वाढत जाते. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर मोजत नाहीत, आणि सर्वसामान्य माहितीतले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळतात. हे नियम पीएचडी आणि प्रबंधांसाठीचे, पण टक्केवारीची भाषा खाली कॉलेजात आणि तिथून शाळेच्या प्रोजेक्टपर्यंत झिरपली. त्याच वर्षी राज्याच्या दहावीच्या नव्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या परंपरांवर धडे आले, ते खरं तर चांगलं पाऊल, पण परीक्षेत तेही पाठ करून लिहायचे प्रश्नच झाले. आता परिच्छेद टाकला की शब्द बदलून देणारी टूल्स फोनवर आहेत. साम्य शून्य टक्के दाखवणारा मजकूर मिळतो आणि लेखांक विचारला की मुलगा गप्प होतो.

मी सध्या वर्गात एवढंच करून घेतो की पत्र दोनदा वाचायचं, उलटं ठेवायचं, न बघता चार ओळी लिहायच्या आणि शेवटी ‘असं पत्र लिहिणारा कळवतो’ हे लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही. मग पत्र परत सुलटं करून ताडून बघायचं. ज्या शब्दाला पर्याय सापडला नाही, उदाहरणार्थ चौथाई किंवा सरंजाम, तो तसाच ठेवायचा, आणि लिहिणाऱ्याचं एखादं वाक्यच हवं असेल तर ते दुहेरी चिन्हात, जुन्या शुद्धलेखनासकट, लेखांक देऊन.