पोच्या कथांतलं मरण अफूतून आलेलं नाही

‘अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो अफूच्या तारेत लिहायचा, म्हणून त्याच्या कथांत एवढं मरण’, असं आजही सर्रास सांगितलं जातं. ते खोटं आहे. १८४९ मध्ये पो गेल्यावर त्याचा प्रतिस्पर्धी संपादक रुफस ग्रिसवोल्डने टोपणनावाने विखारी मृत्युलेख लिहिला, पुढे पोची पत्रंही फेरफार करून छापली. पोचे चरित्रकार आर्थर हॉब्सन क्विन यांनी १९४१ मध्ये ही लबाडी पुराव्यानिशी उघड केली. पो दारू प्यायचा, हे खरं. पण अफूचं व्यसन त्याला नव्हतं, अशी ग्वाही त्याचा हाडवैरी डॉ. थॉमस डन इंग्लिश यानेच दिली आहे.

मुळात कथा नीट वाचा ना! १८४२ ची ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ घ्या. बाहेर जीवघेणी साथ, आत गढीत नाचगाणं. सात दालनं, पूर्वेकडून पश्चिमेकडे. पहिलं निळं, शेवटचं काळं. इतर दालनांत खिडक्यांच्या काचा भिंतींच्याच रंगाच्या, काळ्यात मात्र रक्तासारख्या लाल. तिथलं घड्याळ ठोके देऊ लागलं की वादक थबकतात, नाचणारे अवघडतात. ठोके थांबले की सगळे हसतात. उगवतीपासून मावळतीपर्यंतचं आयुष्य इतकं काटेकोर रचायला डोकं जाग्यावर लागतं. त्याच वर्षी जानेवारीत, गाता गाता, पत्नी व्हर्जिनियाच्या तोंडातून रक्त आलं होतं. क्षय. मरण त्याच्या घरातच होतं.