काचेतलं बाळ

"बाळ काचंत ठेवलंय," कोल्हापूरच्या दवाखान्यात जिन्यावर बसलेली गगनबावड्याकडची आजी सांगते. काच म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ऊब देणारी काचेची पेटी. मांडीवर डबा आणि मनात धास्ती: सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही म्हणतात. ही समजूत साफ चुकीची आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाला बळच देतो. फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटू न देणारा द्रव पुरेसा तयार व्हायलाच ३४-३५ आठवडे लागतात. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळही त्याच सुमाराला बसतो; तोवर दूध नळीनं.

मेंदूचं काम तर कितीतरी बाकी असतं. ३५व्या आठवड्यात त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या जेमतेम दोन तृतीयांश भरतं. जी वाढ पोटातल्या अंधारात, आईच्या ठोक्यांच्या सोबतीनं व्हायची, ती इथं दिव्यांखाली, यंत्रांच्या पीं-पींमध्ये होते. पेटीच्या टपावर कुणी फाइल आपटली की आत आवाज घुमतो. हजार ग्रॅमचं बाळ दचकतं, बोटं फाकतात, ऑक्सिजनचा आकडा घसरतो. म्हणून जाणत्या सिस्टर पेटीची दारं अलगद लावतात, वर चादर टाकून उजेड अडवतात, कापडाच्या गुंडाळीचं घरटं करतात. त्यात पायांना टेकू मिळतो, हात तोंडाशी येतात, पोटात असायचे तसे. टाचेतून रक्त घेण्याआधी आईच्या दुधाचे थेंब जिभेवर सोडले तर दुखणं कमी जाणवतं. मला हे सारं महागड्या यंत्रांइतकंच मोलाचं वाटतं.

आणि आईची छाती! १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. पुढं कितीतरी वर्षं बाळ स्थिरावेपर्यंत थांबायची रीत होती. पण दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यावर लगेच छातीशी धरलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास सांगते.

बाळाच्या अंगावर फक्त टोपी, लंगोट, मोजे. छातीवर उभं, मान एका कुशीला, नाक मोकळं, वरून शाल. आई सिझरची, वॉर्डातून उठता येत नसेल, तर वडिलांनी शर्टाची बटणं काढावीत. जिन्यावरच्या त्या आजीलाही, "हात धुऊन आत या," असं कुणीतरी म्हणायला हवं.