जाळ्यातून कळलेला साप

मालवणच्या किनाऱ्यावर जाळे ओढले की मासळीबरोबर कधी कधी राखाडी रंगाचा, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा एक साप येतो. त्याच्या वरच्या जबड्याचे टोक चोचीसारखे खाली वळलेले असते. हा चोचीचा समुद्रसाप, शास्त्रीय नाव हायड्रॉफिस शिस्टोसस. नाग आणि मण्यार यांच्याच कुळातला हा साप अतिशय विषारी आहे. त्याच्याबद्दल माणसाला जे कळले, ते जवळजवळ सगळे मच्छीमारांच्या जाळ्यातून कळले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचे निसर्ग-अभ्यासक डॉ. पॅट्रिक रसेल कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप गोळा करून त्यांची चित्रे काढून घेत होते. सापांची स्थानिक नावेही ते जपून टिपत. पुढे 1803 मध्ये फ्रान्समधले प्राणिशास्त्रज्ञ फ्रांस्वा दोदँ यांनी तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या या सापाला 'शिस्टोसस' म्हणजे 'चिरलेला' असे नाव दिले. मला मात्र याचे दुसरे नाव जास्त आवडते. 1827 मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बोइ यांनी याच सापाला 'वलकडिन' म्हटले. मूळ शब्द तमिळ आहे: वलै म्हणजे जाळे, कडि म्हणजे चावणे. कोळ्यांचा हा शब्द 1896 च्या ब्रिटिश म्युझियमच्या सूचीतही शास्त्रीय नाव म्हणून छापला गेला. आधीचे नाव ग्राह्य धरायचे या नियमाने नंतर दोदँ यांचे नाव परत आले.

हा साप उथळ, गढूळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी राहतो. शिंगाळा हा काटेरी मासा त्याचे मुख्य खाणे. केंड हा फुगणारा मासाही तो खातो. शिंगाळ्याच्या काट्याने कोळ्याचा हात फाटतो, पण हा साप तो अख्खा गिळतो. हनुवटीवरचा बारीक खवला खाचेत दडलेला असल्याने त्याचा जबडा खूप ताणला जातो. तरीही मलेशियातल्या मुआर नदीच्या मुखाशी 1970 च्या दशकात झालेल्या अभ्यासात काही सापांच्या अंगातून शिंगाळ्याचे काटे आरपार बाहेर आलेले दिसले. अंडी घालायला त्याला जमिनीवर यावे लागत नाही. मादी पाण्यातच पिल्ले देते, कधी तीसपर्यंत.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा असाच दिसणारा साप दीर्घकाळ हाच मानला जाई. 2012-13 मध्ये जनुकांची तुलना झाली तेव्हा ती वेगळीच जात निघाली. दोघांचे नाते जवळचे नाही, तोंडवळा मात्र एक. नुसते रूप पाहून नाते ठरवणाऱ्यांना हा मोठाच धक्का होता.

दंशाचे कोडे उलगडले मलेशियातल्या पेनांगमध्ये. 1950 च्या दशकात तिथल्या रुग्णालयात डॉ. अॅलिस्टर रीड यांच्याकडे चावलेले मच्छीमार येत. दंशाची जागा फारशी सुजत नसे, दुखतही नसे. मग अर्ध्या-एक तासात अंग ताठरे आणि काही तासांनी लघवी लाल-तपकिरी होई. विषाने स्नायू विरघळत आणि त्यांतले रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरे. अनेकांना दंश होऊनही विषबाधा झालेली नसते, हेही रीड यांनी दाखवले. घाबरलेल्या खलाशाला धीर देण्यासाठी हे फार मोलाचे आहे. याच सापाच्या विषापासून ऑस्ट्रेलियात प्रतिविष तयार झाले आणि रीड यांनी 1962 मध्ये त्याच्या यशस्वी वापराचा अहवाल दिला.

भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरचे आहे. समुद्रसाप त्यात नाही. म्हणजे सिंधुदुर्गातल्या खलाशाला दंश झाला, तर डॉक्टरांच्या हाती उरते ते श्वास चालू ठेवणे आणि मूत्रपिंडे सांभाळणे. आणि साप तर जाळ्यात येतच आहे. या शतकाच्या सुरुवातीला सिंधुदुर्गच्या जाळ्यांत हायड्रॉफिस कर्टस ही दुसरी जात जास्त सापडे. नंतरच्या नोंदींत चोचीच्या सापाचे प्रमाण वाढलेले आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात तासन् तास अडकलेल्या सापाला श्वासासाठी वर येता येत नाही, आणि पुष्कळ साप तिथेच गुदमरून मरतात. जिवंत निघालेला साप जाळ्यातून सोडवून परत पाण्यात टाकताना खलाशाचा हात त्याच्या तोंडापासून वीतभरच लांब असतो.