चिऱ्यांची वाट आणि छत्र्यांची अदलाबदल

गोव्यातल्या एखाद्या घराच्या अंगणात चिऱ्यांची वाट घालायची आहे. चिरा रुंदीच्या दुप्पट लांब असून वाटेची रुंदी चिऱ्याच्या लांबीएवढीच आहे. टोकाला एक चिरा आडवा बसवला तर वाट एका मापाने पुढे सरकते, दोन चिरे उभे लावले तर दोन मापांनी. म्हणून मांडणीच्या रीतींची प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते: १, २, ३, ५, ८. छंदांतल्या लघु-गुरू अक्षरांच्या रचना मोजताना जैन आचार्य हेमचंद्राने सुमारे ११५० मध्ये हाच नियम सांगितला होता.

मागच्या पदांवरून पुढचे पद ठरवणाऱ्या अशा नियमाला अंतर-समीकरण म्हणतात, आणि शंभरावे पद मधली पदे न काढता देणारे सूत्र शोधणे म्हणजे ते सोडवणे. मॅक्सिमा किंवा सिम्पाय यांसारखी मोफत मिळणारी बीजगणिती सॉफ्टवेअर इथे पदे गुणोत्तर श्रेढीत वाढतात असे धरून वर्गसमीकरण सोडवतात आणि उत्तरातले पाचाचे वर्गमूळ दशांशात न बदलता चिन्हरूपातच ठेवतात, त्यामुळे कितीही पुढचे पद अचूक पूर्णांक येते.

खरा कस पुढे लागतो. पावसाळ्यात पाच जणांनी देवळाबाहेर छत्र्या ठेवल्या. निघताना कोणालाच स्वतःची छत्री मिळू नये, अशा रीती ४४. चार जणांसाठी ९ आणि तिघांसाठी २, त्यांची बेरीज गुणिले ४. इथे गुणक जणांच्या संख्येहून एकाने कमी, म्हणजे दर पायरीला बदलतो, म्हणून आधीची युक्ती चालत नाही. स्लोव्हेनियाचे गणिती मार्को पेटकोव्हशेक यांनी १९९२ मध्ये मांडलेली रीत, लगतच्या पदांचे गुणोत्तर दोन बहुपदींच्या भागाकाराने लिहिता येईल अशी सर्व उत्तरे शोधते. या नियमासाठी तिला क्रमगुणित, म्हणजे १, २, ६, २४, १२० ही श्रेणी सापडते; तीही हाच नियम पाळते, पण छत्र्यांचे आकडे तिच्यात नाहीत. शिवाय क्रमगुणित आणि त्याच्या पटी सोडून वेगळे उत्तर त्या जातीत नाही हेही ती सिद्ध करते. हा नकार मला सूत्राइतकाच मोलाचा वाटतो, कारण माणूस सूत्र शोधून थकला तरी ते नाहीच असे त्यावरून म्हणता येत नाही.

क्रमगुणिताच्या आधाराने दुसरे उत्तर बेरजेच्या रूपात मिळते, आणि ती बेरीज याच जातीच्या एका पदात मिटत नाही हे अमेरिकी गणिती बिल गॉस्पर यांच्या १९७८ च्या रीतीने कळते. पडद्यावर बेरजेचे चिन्ह तसेच राहिले की विद्यार्थी सॉफ्टवेअर अडले असे समजतात, पण तेच पूर्ण उत्तर असते: पाच जणांसाठी १२० गुणिले (१ − १ + १/२ − १/६ + १/२४ − १/१२०), म्हणजे ६० − २० + ५ − १, अर्थात ४४.