मूलभूत जीवनरक्षण (बीएलएस) : कोकण किनारा

श्वास किंवा हृदय थांबलेल्या माणसाला पुढचे उपचार मिळेपर्यंत जगवून ठेवण्याचे कौशल्य. छातीदाब आणि कृत्रिम श्वास हा त्याचा गाभा. छातीदाबाची आजची पद्धत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्समध्ये १९६० साली पुढे आली. प्रौढाला मिनिटाला १०० ते १२० वेगाने, ५ ते ६ सेंमी. खोल दाब देतात. दर ३० दाबांनंतर २ श्वास. नाडी शोधण्यात १० सेकंदांहून जास्त घालवत नाहीत.

अचानक कोसळलेला प्रौढ बहुधा हृदयविकाराचा असतो, म्हणून प्रशिक्षणाचा भर छातीदाबावर असतो. कोकणातल्या परिचारिकेने वा डॉक्टरने मात्र आणखी दोन प्रसंगांची तयारी ठेवायला हवी. दोन्हींत आधी श्वास थांबतो.

पहिला बुडण्याचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर आधी श्वास द्यायचे, मग छातीदाब. सर्वसामान्यांना शिकवतात तो नुसता छातीदाब इथे अपुरा पडतो. पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्याची खोड काही जात नाही. त्याने पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरते आणि मोलाची मिनिटे जातात. तोंडाशी फेस येत राहिला तरी तो पुसत बसू नये. पुळण उतरती असते. रुग्णाला पाण्याच्या रेषेला समांतर निजवले की डोके आणि पाय एका पातळीत राहतात. भुसभुशीत वाळू टाळावी, तिथे दाब वाया जातो. एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र) लावण्यापूर्वी छाती कोरडी पुसावी. शुद्धीवर आलेल्यालाही इस्पितळात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी बळावू शकतो.

दुसरा मण्यार या विषारी सापाच्या दंशाचा. ती बहुतेकदा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, मान सावरत नाही आणि श्वास मंदावतो. नाडी लागत असेल तर छातीदाब नको. अँबू बॅगने (मास्क जोडलेली, हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दर ६ सेकंदांनी एक श्वास द्यावा. दोघे असल्यास एकाने दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरावा, दुसऱ्याने बॅग दाबावी. अंग लुळे, डोळ्यांच्या बाहुल्या स्थिर, म्हणून माणूस गेला असे समजू नये. तो सारे ऐकत असू शकतो, तेव्हा उशाशी बोलताना भान ठेवावे. सर्पविषप्रतिबंधक लस टोचल्यावरही हा लुळेपणा लगेच उतरत नाही. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत, १०८ रुग्णवाहिकेतल्या वाटेवरसुद्धा, हात बदलत बॅग चालू ठेवावी लागते.